खुंट्यांमधलं अंतर

रोहिदास, तुला श्रद्धांजली वाहायला आपल्या गटातल्या मंडळींनी नेमकी तुझी सर्वांत मोठी चूक शोधून काढली. तू गेल्याची बातमी मीच टाकली होती, कॉलेजच्या पार्किंगमध्ये, रणरणत्या उन्हात उभं राहून. आधी जोडलेले हात आले, मग फुलं आली, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी तुझी ती डोंगराची नोंद वर काढली. 'सरांचं शेवटचं मोठं काम' असं लिहून. उतार स्थिर, हालचाल आढळली नाही. खाली तुझं नाव आणि शेळ्यांकडे बघून हसतानाचा तुझा फोटो. ती नोंद नाशिकला गेली, जळगावला गेली, पलीकडे गुजरातेतल्या लोकांकडे गेली, तिथून नव्या नव्या गटांतून फिरून पुन्हा माझ्याकडे आली. जिवंत माणसाचं म्हणणं इतक्या तातडीने कुणी पुढे पाठवत नाही रे.

मी कपाळाला हात लावून बसले. रडायचं होतं, पण आधी रागच आला. तुझ्यावर, आणि त्या गुलाबाच्या फुलांवर.

गटात नवा माणूस आला की तू त्याला किती हौसेने समजावायचास. "ही आपली चावडी," म्हणायचास. पूर असो, दरड असो, वीज पडो की उष्णतेची लाट येवो, ज्याला जे कळलं ते त्याने इथे आणून टाकायचं. प्राध्यापक, पाटबंधाऱ्यातले अभियंते, तहसीलमधले कारकून, संस्थांमध्ये काम करणाऱ्या पोरी, सगळे एका ओसरीवर. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या पुलावरचा माणूस पाणी गावात यायच्या आत सावध व्हायचा, ते याच चावडीमुळे. मला तू ओढून आणलंस. शहाद्याच्या आपल्या कॉलेजात भूगोलाचे आपण दोघंच, मी वयाने मोठी, त्यामुळे तू ताई म्हणायचास आणि ताईने काम करावं अशी तुझी अपेक्षा असायची. दर महिन्याचं पत्रक माझ्या गळ्यात घातलंस. लोकांनी टाकलेलं सगळं निवडून, पाखडून, चार लोकांना विचारून मगच छापायचं, असा माझा शिरस्ता. तुला तो कधीच पटला नाही.

"ताई, माहिती दाबीसन कोना जीव वाचस का?" असं तू स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारायचास.

"आनि खोटी फैलाईसन वाचस का?" मी डबा उघडत विचारायचे.

हा आपला रोजचा वाद. तू माझ्या डब्यातला ठेचा खायचास, कळण्याची भाकर खायचास, आणि तोंड पोळलं की म्हणायचास, नंदुरबारच्या मिरचीचा इशारा तरी वेळेवर मिळायला हवा होता. इतकं हसायचास स्वतःच्याच विनोदावर की शिपाई दारातून डोकावायचा. दिवसभर तुझा फोन वाजत असायचा. ढगाचा फोटो आला, टाक गटात. कुणाच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं, टाक गटात. एकदा तू एका गाईचा फोटो टाकलास आणि लिहिलंस, ही आज सकाळपासून गोठ्यात शिरायला तयार नाही. अभियंत्यांनी तुझी टर उडवली. त्याचं तुला काहीच वाटलं नाही. दहातली एक गोष्ट जरी खरी निघाली तरी एक घर वाचतं, असं तुझं गणित होतं. मला ते भोळं वाटायचं. आज सांगते, मला त्याचा हेवाही वाटायचा.

आणि अशा माणसाने आयुष्यात एकच गोष्ट दाबून ठेवली, नेमकी तीच.

धडगावच्या पुढचा तो पाडा.  घरं एकमेकांपासून लांब, ज्याच्या त्याच्या शेतात, आणि सगळ्यांच्या डोक्यावर तो एकच उतार. वरच्या शेतात भेग पडली आहे असं तुला कुणीतरी बाजारात सांगितलं, आणि तू उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन तिथे गेलास. भेगेच्या एका अंगाला एक लोखंडी खुंटी, दुसऱ्या अंगाला दुसरी, अशा सारख्याच अंतराच्या जोड्या ठोकल्यास. डोक्यांना लाल रंग दिलास, लांबून दिसावा म्हणून. दोन खुंट्यांमधलं अंतर वाढलं तर डोंगर खाली सरकतोय, नाही वाढलं तर थांबलाय. इतकी साधी गोष्ट, शाळेतल्या पोरालाही समजेल. शेत गेंदीबाईचं. तिने तुम्हाला ताक दिलं आणि काही बोलली नाही.

ती का बोलली नाही, हे तुला तेव्हाच कळायला हवं होतं. तिचं माहेर नर्मदाकाठचं. तिच्या लहानपणी तिथे माणसं आली, त्यांनी रंगवलेले दगड रोवले, गोड बोलून निघून गेली, आणि काही वर्षांनी त्या दगडांपर्यंत पाणी आलं. त्या घरात रंगवलेली खुंटी म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. तू पाठ फिरवलीस आणि नवरा-बायकोने खुंट्या उपटल्या.

उपटून फेकल्या असत्या तर बरं झालं असतं रोहिदास. तुला कळलं असतं, तू चिडला असतास, पुन्हा ठोकल्या असत्यास. पण त्यांना तू आवडला होतास. एवढ्या उन्हात पोरं घेऊन आलेला, शेळ्यांशी बोलणारा सर. सरांचं काम बिघडायला नको, फक्त शेतात नको. म्हणून त्यांनी अंबाडीची दोरी घेतली, दोन खुंट्यांमधलं अंतर तिच्यावर धरलं, दोन गाठी मारल्या, आणि शेताच्या हद्दीबाहेर, त्याच उतारावर पण घट्ट कातळाच्या कडेला, गाठींच्या मापाने खुंट्या जशाच्या तशा पुन्हा रोवल्या. एकेक जोडी, त्याच काळजीने. केसाचाही फरक होऊ दिला नाही.

पावसानंतर तू मोजायला गेलास तेव्हा गवत कमरेच्या वर. लाल डोकी दिसली, टेप लावलास, अंतर तेवढंच. भेग दिसत नाही म्हणजे गाळाने बुजली, असं तूच ठरवलंस. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. उतार स्थिर. मी ते पत्रकात छापण्याआधी तुला नेहमीसारखं खोदून विचारलं, आणि तू टेपचे फोटो दाखवलेस. फोटो खरे होते, आकडे खरे होते. तुझी ती नोंद गटाने डोक्यावर घेतली. बाहेरून आलेल्या एका अभ्यासकाने ती आपल्या भाषणात दाखवली, डोंगराळ भागात कमी खर्चात कसं मोजावं याचा नमुना म्हणून. तू त्या दिवशी नवा शर्ट घालून आला होतास.

मग ही होळी आली. गुजरातेत कामाला गेलेली माणसं परत आली होती, मोरपिसांचे टोप निघाले होते, ढोल वाजत होते, आणि तू दरवर्षीसारखा पाड्यावर. गेंदीबाईचा नवरा सायसिंग मोहाचे दोन घोट घेऊन खुशीत आला आणि त्याने तुला ती गंमत सांगितली. तुमच्या खुंट्या आम्ही हलवल्या, पण माप नाही मोडलं. सगळे हसले. तूही हसलास, असं तू मला सांगितलंस. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तुझा चेहरा असा होता की मी चहा पुढे केला आणि तुला तो दिसलाच नाही.

"ताई, मन्हा उतार स्थिर शे, कारन त्या खुट्या उताराना भेगवर नहीच शेत."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता लिही. काय झालं, कसं झालं, सगळं. तू नकाराची मान हलवलीस.

"मी जबान दिन्ही शे."

"कोले?"

"गेंदीले. तिन्हा जमीनना दावा तहसीलमा पडी ऱ्हायना शे. सरकारी खुट्या सरकाड्यात म्हनीसन कोनी लिखं, का मिटनं."

त्या खुंट्या सरकारी नव्हत्या, तुझ्या पगारातल्या होत्या. पण तुला जे भय होतं ते खोटं नव्हतं. वनजमिनीचा दावा किती वर्षं अडकतो आणि कशावरून फेटाळला जातो, हे आपण दोघांनीही पाहिलेलं. विरोधात एक ओळ पुरते. तू गटात लिहिलंस, 'काही तांत्रिक अडचणींमुळे या उताराच्या मागील नोंदी ग्राह्य धरू नयेत.' बस्स. एवढा बोलका माणूस, आणि इतकं कोरडं वाक्य. त्याला दोन अंगठे मिळाले. कुणी विचारलंसुद्धा नाही की कसली अडचण. स्थिर हा शब्द लोकांना हवा असतो रे, एकदा मिळाला की ते तो परत देत नाहीत.

तहसीलमध्ये पावसाळ्याच्या तयारीची बैठक झाली तेव्हा तू आजारी रजेवर होतास, मी गेले होते. कुठल्या वस्त्या पावसात हलवायच्या हे वाचून दाखवत होते. त्या पाड्याचं नाव आलं नाही. मी विचारलं, तर साहेबांनी कागद उलटून मला तुझीच नोंद दाखवली. मॅडम, तुमच्याच पत्रकातलं आहे, म्हणाले. चांगला माणूस होता, थट्टा करत नव्हता. मी म्हटलं, ती नोंद आता धरू नका. ते म्हणाले, कारण लेखी द्या. मला ते देता येईना, कारण जे होतं ते तुझ्या शब्दाखाली दबलेलं होतं.

मग आपलं ते शेवटचं भांडण. तू दारात उभा, मी जिन्यात. मी बोलले ते सगळं मला आठवतंय आणि त्यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही.

"आनि डोंगर उना खाले, तं दावा कसावर कराव तिनी? गारा-चिखलवर?"

तू दारातून जिन्यापर्यंत आलास. मग म्हणालास, "मी आखो एक फेरा जाई येस. तिले इचारस. मंग बोलूत." जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतास. घाम आला होता. मला वाटलं उन्हाचा आहे.

त्यानंतर आपण बोललो नाही. वाद अर्धा राहिला, आणि वादातली तुझी बाजू आता माझ्याकडे आहे, माझीही माझ्याकडेच. दोन्हीकडून मीच भांडते. तुझ्या बाजूने भांडताना माझ्या लक्षात येतं की तुझं म्हणणं मला वाटायचं त्यापेक्षा पुष्कळ खरं होतं. ज्यांच्याकडून माहिती घ्यायची त्यांनाच तिचा फास लागणार असेल, तर पुढच्या वेळी ते आपल्याला ताकही देणार नाहीत. पण मग माझ्या बाजूने बोलायची पाळी येते आणि मला तो उतार दिसतो.

तुझा दशक्रिया विधी प्रकाशाला घाटावर झाला. तुझ्या धानोऱ्याची माणसं दोन गाड्या भरून आली होती. तापीचं पाणी खाली गेलं होतं, काठाला चिखल सुकून त्याच्या खपल्या उचलल्या होत्या. कावळा लवकर शिवेना. तुझी सुनंदा पदर तोंडाला लावून बसली होती. तिच्या भावाने सगळ्या तऱ्हेची आश्वासनं देऊन पाहिली, मुलीचं लग्न करू, घराचं बघू. मी मागे उभी होते. मनात म्हटलं, जाते मी पाड्यावर. तिला विचारते. माझ्या म्हणण्यामुळे आला असं मी म्हणणार नाही, भूगोल शिकवते मी. पण कावळा आला.

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. घाट चढताना डोंगर भाजलेले, पळसाला नुसती पानं. आणि तोरणमाळच्या अंगाला आभाळ असं भरून आलेलं की ड्रायव्हर म्हणाला, यंदा लवकर दिसतंय. गटात दोन दिवस अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचेच फोटो होते. धडगाव सोडलं आणि फोनची रेंज गेली.

गेंदीबाई अंगणात वासराला पाणी दाखवत होती. माझ्या मागे बघितलं, गाडीत बघितलं. तिला तिच्या पावरी बोलीशिवाय बाजारातली अहिराणी येते, ती तिने बाहेर काढली.

"सर नही उनात?"

"सर वारनात, गेंदीबाई."

तिने बादली खाली ठेवली.  मग घरात गेली आणि मला वाटलं आता आतून हुंदका येईल. ती बाहेर आली ती हातात दोरी घेऊन. आढ्याला टांगून ठेवली होती तिने. सर कधी मागतील, खुंट्या जागेवर ठेवायला सांगतील, तेव्हा माप हवं म्हणून. दोन गाठी, धुराने काळ्या पडलेल्या. रोहिदास, माझ्या हातात ती दोरी आली आणि तेव्हा मला पहिल्यांदा तुझ्यासाठी ढसाढसा रडू आलं. सगळ्या गटात, सगळ्या पत्रकांत, तुझं खरं माप एवढंच उरलं होतं.

आम्ही वर गेलो. खुंट्या काढल्या त्या जागी तिने चपटे दगड दाबून ठेवले होते, खड्ड्यात बैलाचा पाय जाऊ नये म्हणून. उन्हाळ्याने भेग उघडी पडली होती. मी वाकून आत बघितलं नाही, मला भीती वाटली. तिने वरच्या दगडापाशी एक गाठ धरली, मी भेग ओलांडून खालच्या दगडापाशी दुसरी घेऊन गेले. म्हणजे निघाले. दगडापर्यंत पोचले नाही.

"वढा मॅडम, वढा! तुम्हनाकडथून ढिली शे."

मी ओढली. तिनेही ओढली. दोरी ताणून मोडायला आली, वरची गाठ जागेवर, आणि खालच्या गाठीपासून दगड अजून हातभर लांब.

"दोरी आटनी का काय?" ती म्हणाली. मग गाठीवर बोट फिरवून बघितलं. "दोरी तं तीच शे."

 तिची नजर हळूहळू दोरीवरून माझ्या पायांकडे आली, पायांवरून खालच्या घराकडे गेली, तिथून नाल्याकाठच्या बाकीच्या घरांकडे. मी तिला काही समजावून सांगितलं नाही. तुझ्या सगळ्या वर्गांमध्ये, सगळ्या भाषणांमध्ये, इतकं स्वच्छ कुणाला काही समजलेलं मी पाहिलं नाही.

खाली उतरताना मी तिला तुझ्या शब्दाबद्दल सांगितलं. तू तिचं नाव कुणालाच दिलं नाहीस, भांडणातसुद्धा माझ्याशिवाय कुणाला कळू दिलं नाहीस. दाव्याचं काय होऊ शकतं तेही सांगितलं, लपवलं नाही. ती चालता चालता थांबली.

"मन्हं नाव लिखी टाका. पन हाई बी लिखा, सरनं माप आम्हीन मोडं नही."

मी म्हटलं, लिहिते. मग विचारलं, तुम्ही आता कुठे जाल. ती वासरू घेऊन नाल्यापलीकडे भावाकडे जाणार आहे. पण तिने पाड्यातली घरं एकेक करून बोटाने दाखवली. दारं लावलेली. "त्या तं अजून गुजरातमा शेत. पानी पडाना पहिले येतीन, पेरनीले. तेस्ले कोन सांगी?" होळीनंतर बाकीच्यांबरोबर पुन्हा गुजरातेत गेलेल्या सायसिंगचा एक नंबर तिच्याकडे होता, लागत नाही. मी लावून बघितला, रेंजच नव्हती.

म्हणजे वाद मिटला, रोहिदास. तुझा शब्द मी मोडला नाही. जिला तू तो दिला होतास तिनेच परत केला. आणि तूच विचारायला जाणार होतास, मी फक्त तुझा तो एक फेरा मारला. तू गेला असतास तर तुलाही तिने हेच सांगितलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं आणि बरंही वाटतं. धडगावला रेंज आली तसं मी रस्त्याकडेला गाडी थांबवून सगळं लिहिलं. पाड्याचं नाव, गेंदीबाईचं नाव, खुंट्या, कातळ, अंबाडीची दोरी. कुणालाही न विचारता, न पाखडता, तुझ्यासारखं थेट टाकलं. सोबत फोटो जोडला: ताणलेल्या दोरीची गाठ, आणि तिच्यापुढे तो दगड. तहसीलच्या साहेबांना फोन लागला नाही, त्यांनाही तेच पाठवलं. कारण लेखी हवं होतं ना, घ्या.

हे लिहिते आहे तेव्हा शहाद्यात वारा पडला आहे आणि पश्चिमेला विजा चमकताहेत, अजून आवाज नाही. दोरी माझ्या टेबलावर आहे, तिला धुराचा वास येतो. एव्हाना बडोद्याहून, भरुचहून गाड्या भरून निघाल्या असतील, माणसं पेरणीला घरी येतील. मी दर थोड्या वेळाने गट उघडून बघते. माझ्या मजकुराला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. त्याच्या वर, तुझ्या त्या जुन्या स्थिर नोंदीवर, आत्ताच कुणीतरी आणखी एकदा हात जोडले आहेत.